मांडवातली बाळंतीण

त्या उन्हाळ्यात मी तेरा वर्षांची होते, माझं लग्न झालेलं होतं, आणि मी बहिरी आहे असं आसेगावातल्या माझ्या सासरच्या घरानं ठरवून टाकलं होतं.

बहिरी मी नव्हते. लग्नात रीतीप्रमाणं ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहून माझं नाव बदललं गेलं. तेरा वर्षं ज्या नावाला ओ दिली ते एका दुपारी गेलं आणि दुसरंच आलं. सासरी कुणी त्या नव्या नावानं हाक मारली की मला वाटायचं, या घरात अजून कुणीतरी बाई आहे आणि तिला बोलावताहेत. मी आपली भाकरी थापत राहायची. सासूबाईंनी दोनदा हाक मारली, तीनदा मारली, मग कानाशी येऊन ओरडल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळं घर माझ्याशी ओरडूनच बोलायला लागलं. सासरे तर ओठ मोठे करून एकेक शब्द सुटा सोडायचे, "पानी! आन! बाई!" नव्या सुनेनं उलटून काय सांगायचं, की मला ऐकू येतं म्हणून? मी गप्प राहिले. मग मी मुकीही असेन अशी शंका निघाली.

सोळा दिवस मी हे सोसलं. रडायला जागा नव्हती, कारण घरात चौदा माणसं. पिठाच्या कोठीत डोकं घालून रडायची, आणि बाहेर आले की तोंडभर पीठ. सोळाव्या दिवशी मांडव परतणीला माहेरी आले तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं की आता पायरीला मिठी मारून बसेन, पण परत जाणार नाही. अर्थात पायरीला मिठी मारून कुणी राहिल्याचं आमच्याकडं ऐकिवात नव्हतं. आमच्याकडची रीत अशी : नवरा-नवरी परत येतात, मांडवाखाली शेवटचं जेवण होतं, वाजंत्री वाजते, मांडव उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी कायमची जाते. मांडव उभा आहे तोवर ती माहेरची.

आमचं गाव डोंगराला पाठ टेकून बसलेलं, वीस-पंचवीस घरं चढावर आणि उरलेली उतारावर. शिरपूरच्या जैन देवळाला जाणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जायच्या. आमचं घर धाब्याचं, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर, आणि पुढं मोठं अंगण. त्या अंगणभर मांडव घातलेला. आंब्याची नि जांभळाची डहाळी सोळा दिवसांत वाळून कडकडीत झाली होती.

घर आत्याच्या हातात होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली ती राहिली. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. शिवाय ती गावची सुईण. उतारावरची निम्मी माणसं तिच्या हातून जगात आलेली, त्यामुळं तिच्यापुढं मोठमोठे मिशीवाले खाली बघून बोलायचे. बाबा तेवढे तिच्याशी भांडायचे आणि हरायचे. बाबा म्हणजे एकदा ठरलं की ठरलं असा माणूस. मांडव सोळाव्या दिवशी उतरायचा, म्हणून त्यांनी मांडवाचे बांबू सतराव्या दिवसासाठी एकाला कबूलही करून ठेवले होते.

जेवणं झाली. वाजंत्रीवाल्यानं सनई ओली केली. बाबांनी विळा घेतला आणि पहिली दोरी कापायला हात वर केला.

"थांब!" आत्या ओरडली.

मांडवाच्या दारावरच्या तोरणाच्या सुतळीला काहीतरी लोंबत होतं. मला वाटलं केरकचरा असेल. कोळ्याची जाळी, वाळका पाला, सालपटं, आणि मधे एक चमकणारा धागा, जो माझ्याच मुंडावळ्यांचा होता. त्या कचऱ्याला बाजूनं एक भोक होतं, आणि भोकातून बाकदार सुईएवढी चोच बाहेर आली होती.

"बाळंतीन हाय ते," आत्या म्हणाली.

"कोन?" बाबांनी इकडंतिकडं पाहिलं.

"ते पाखरू. अंड्यावर बसलं हाय. बाळंतिनीच्या डोक्यावरचं छप्पर कोनी काढते काय? माह्या हातानं एवढ्या बाया सोडवल्या, एकीलेबी मी बाजेवरून उठवलं नाई. हे आपल्या मांडवात बाळंतपनाले आलं, अन् तू त्याले हाकलून राह्यला?"

"अवं, पाखरू हाय ते!"

"मंग? पाखराले कळा नाई येत?"

बाबांनी विळा खाली केला. मला हसू येत होतं, कारण सगळ्यांच्या आधी मला हिशेब कळला होता. पाखरू बसलं तर मांडव बसला. मांडव बसला तर मी बसले.

सासरे पुढं झाले. "मांडव राहू द्या बाप्पा किती राह्यचा तो, पन सून आमी नेतो."

आत्या म्हणाली, "मांडव उभा अन् पोरगी सासरी? अशी रीत हाय तुमच्या आसेगावात?"

सासऱ्यांची तिथं गोची झाली. लग्नात कानपिळीची रीत नीट झाली नाही म्हणून याच माणसानं दोन तास वऱ्हाड उन्हात उभं केलं होतं आणि 'रीत म्हंजे रीत' असं सगळ्या गावाला ऐकवलं होतं. आता रीत मोडा असं म्हणायला त्यांची जीभ वळेना.

तेवढ्यात नवरदेवानं तोंड उघडलं. तो सोळा वर्षांचा होता आणि वाशीमला राहून इंग्रजी शिकत होता; आता सुट्टीत घरी आलेला. लग्नात मी त्याचे फक्त पाय पाहिले होते. "हे हमिंगबर्ड हाय," तो म्हणाला. "आमच्या पुस्तकात चित्र हाय त्याचं. अमेरिकेत राह्यते. हवेत एका जागी उभं राहून फुलातला मध पेते, अन् उलटं बी उडते."

ते हमिंगबर्ड नव्हतं. त्याला मराठी पुस्तकात शिंजीर म्हणतात हे मला फार पुढं कळलं, आणि आमच्या डोंगरात पळस फुलला की ती शेकड्यानं असतात. तोवर त्यांच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांना नावही नव्हतं. पण पुस्तकात आहे म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. सासरे मुलाकडं अभिमानानं पाहत म्हणाले, "अमेरिकेचं हाय म्हंते." मग माझ्याकडं वळून ओरडले, "पा! ख! रू! हाय! तू! राह्य!"

आणि सासरची मंडळी गाडी जुंपून निघून गेली.

आता उभ्या मांडवाचे नियम असे, की त्याखालून कुणी उपाशी जायचं नाही, रोज संध्याकाळी मेढीशी दिवा लावायचा, घरच्यांनी कुणाच्या मौतीला जायचं नाही, आणि मांडव उतरताना वाजंत्री हवीच. लग्नाचे सोळा दिवस हे ठीक असतं. पण आम्ही ते दीड महिना पाळलं. वाजंत्रीवाला रोज सकाळी यायचा, विचारायचा, "आज उतरते का?" आत्या म्हणायची, "अजून नाई." मग तो जेवायचा आणि जायचा. सनई वाजवली तर पाखरू दचकेल म्हणून ती त्यानं फडक्यात गुंडाळून ठेवली होती. डफडेवाल्याला तर आत्यानं अंगणात खोकायचीही बंदी घातली.

त्यात 'अमेरिकेचं पाखरू' ही बातमी डोंगरापलीकडं पोचली. माणसं बघायला यायला लागली. एक म्हातारा अनसिंगहून पायी आला, अर्धा तास मान वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "लहान हाय." एकानं विचारलं, त्याला मराठी समजते का. दुसऱ्यानं विचारलं, अमेरिका कुठंशी आली, तर बाबा वैतागून म्हणाले, "अकोल्याच्या पल्याड." प्रत्येकाला जेवू घालायला लागायचं, कारण मांडव. शिरपूरला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या दोन गाड्या थांबल्या, तर आत्यानं कांदा-लसणाशिवाय वेगळा स्वयंपाक केला, तोही दिवस मावळायच्या आत, आणि सगळ्यांसमोर पाखराला म्हणाली, "पाय माय, तुह्यापायी काय काय करून राह्यली मी."

उन्हाळ्याचं वाळवण तर व्हायलाच हवं होतं. अंगण मांडवानं खाल्लेलं, तेव्हा ज्वारीचे धापोडे, म्हणजे पापड, आणि कुरडया धाब्यावर वाळत घालायच्या ठरल्या. त्याची राखण माझ्याकडं. धाब्याच्या कडेला बसलं की घरटं बरोबर डोळ्यासमोर यायचं. मी डोक्यावर ओलं फडकं घ्यायची, एक धापोडा कच्चाच खायची आणि बाळंतिणीकडं बघायची. नर काळा-निळा, उन्हात चकाकणारा, आणि काम काडीचं नाही. बायको बसलेली असताना हा समोरच्या शेवग्याच्या फुलांवर नाचत चिवचिवाट करायचा. ती बिचारी मळक्या पिवळ्या लुगड्यातली, गप्प. मला तिच्याबद्दल फार माया वाटायची. मी तिला माझं जुनं नाव दिलं. मला त्याचा उपयोग राहिला नव्हता, आणि वाया कशाला घालवायचं.

बाळंतीण म्हटल्यावर आत्यानं डिंकाचा लाडू करून मांडवावर ठेवला. पाखरानं त्याच्याकडं पाहिलंही नाही, मुंग्या मात्र आल्या. मग मुंग्या घरट्याकडं जाऊ नयेत म्हणून बाबांना बाजेवर उभं राहून सुतळीला राख चोळावी लागली. बाबा राख चोळत होते आणि तोंडानं पाखराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. पिल्लं निघाल्यावर बाराव्या दिवशी आत्यानं शेजारणी बोलावून घुगऱ्या वाटल्या आणि आसेगावलाही निरोप धाडला. सासरे आले. पाखराच्या बारशाला आलेला व्याही मी आजवर दुसरा पाहिला नाही. घुगऱ्या खाल्ल्या, वर बघितलं, मला ओरडून विचारलं, "बरी! हाय! का!" आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "आता किती दिवस?"

बाबा म्हणाले, "मले काय विचारता? मी त्याचा बाप हाय का?"

बाबा चिडलेले होते. बांबू कबूल केलेला माणूस येऊन बसायचा, मृग तोंडावर आला होता, शेताची कामं पडलेली. सकाळी उठून ते आधी घरट्याखाली जायचे, मान वर करायचे आणि म्हणायचे, "उडत नाई अजून." त्यांना मी नकोशी झाले आहे असं मला वाटायचं, आणि त्या वयात मी ते खरं मानलं.

एका सकाळी मी धाब्यावर गेले, तर घरटं हलत नव्हतं. दोन्ही पिल्लं शेवग्यावर बसलेली. दुपारपर्यंत तीही दिसेनाशी झाली. काळा नर गेला, माझ्या नावाची ती गेली. मी धापोडे पालटले, कुरडया पालटल्या, आणि जिना उतरून सरळ आत्याच्या मडक्याकडं गेले, ज्यात तेलासाठी एरंडीच्या बिया ठेवलेल्या असायच्या. एरंडीचं बी पाहिलं असेल तुम्ही. राखाडी, वर तपकिरी ठिपके, आकार अंड्याचा. दोन निवडून घेतल्या. आत्या झोपली असेल म्हणून बाज ओढून उभी राहिले आणि भोकातून त्या आत सोडल्या.

संध्याकाळी मी जाहीर केलं, "पाखरानं पुन्यांदा अंडे घातले."

आत्या म्हणाली, "लेकुरवाळी हाय," आणि वाती वळत राहिली. बाबा मेढीशी दिवा लावायला उठले.

आठ दिवस असे गेले. लोकांनी बघायला येणं सोडलं होतं, पाखरू दिसत नव्हतं, तर मी म्हणायची, चरायला गेलं. नवव्या दिवशी आसेगावची गाडी आली. सासरे, दोन चुलतसासरे आणि या खेपेला नवरदेव, काखेत पुस्तक. सासऱ्यांनी अंगणात उभं राहून सांगितलं, "आता आमचा पोरगा पाहीन. त्याले त्याची इद्या येते." कुणीतरी शिडी आणली. वाजंत्रीवाल्यानं फडकं सोडलं.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. एरंडीच्या बिया कळायला इंग्रजी शिकावं लागत नाही. आता सगळ्यांसमोर खोटी ठरणार, बहिरी, मुकी आणि वर खोटारडी सून म्हणून आजच गाडीत बसणार, एवढंच मला दिसत होतं.

तो चढला. एका हातात पुस्तक, त्यामुळं चढण्यात काही ऐट नव्हती. घरट्याच्या भोकात त्यानं डोळा लावला. मग बोट घातलं. बराच वेळ चाचपलं. एक बी काढून तळहातावर घेतलं, मुठीत धरलं, आणि वळून खाली पाहिलं. सगळ्या अंगणात त्यानं नेमकं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा मी पहिल्यांदा त्याचं तोंड पाहिलं. नाकावर घाम होता आणि मिशी यायची होती.

"काय हाय रे?" सासरे खालून म्हणाले.

"अंडे हायेत," तो म्हणाला. "दोन."

"मंग किती दिवस लागतीन?"

तो पुस्तक उघडून बघायला लागला. पुस्तक उलटं धरलेलं मला खालून दिसत होतं. पान उलटता उलटता त्यानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं, भुवया वर करून. विचारत होता. मी पदराआडून हात थोडा बाहेर काढला आणि पाच बोटं दाखवली. त्याहून जास्त मागायची मला हिंमत झाली नाही.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. "पुस्तकात लिवलं हाय."

खाली उतरला, सरळ गाडीकडं गेला, आणि माझ्या जवळून जाताना ओरडला नाही. हळूच म्हणाला, "तुमाले आयकू येते, मले ठाव हाय." मूठ अजून मिटलेलीच होती.

मी ते पुढचे दिवस माहेरी कसे काढले ते मला फार चांगलं आठवतं, कारण मला ते आवडले नाहीत. पहिले चार-पाच दिवस झकास गेले. मग मला तो शिडीवरचा घामेजलेला चेहरा सारखा आठवायला लागला. धापोडे संपले, कुरडया डब्यांत गेल्या. धाब्यावर काही काम नव्हतं तरी मी जाऊन बसायची आणि रिकाम्या घरट्याऐवजी आसेगावच्या रस्त्याकडं बघायची. त्या घराची मला अजूनही भीती वाटत होती. पण त्या चौदा माणसांत एकजण माझ्यासाठी पुस्तक उलटं धरून खोटं बोलला होता, आणि तो रोज तिथं जेवायला बसत होता.

बाराव्या दिवशी सकाळी मी बाबांजवळ गेले. ते नेहमीसारखे घरट्याखाली उभे होते, मान वर करून.

मी म्हटलं, "बाबा, पाखरू उडालं. मांडव उतरवा."

बाबा वरच बघत राहिले. मग डोक्याचा फेटा सोडला, पुन्हा बांधला. म्हणाले, "ठाव हाय मले. तू बिया टाकल्या त्या दिवशी मी गोठ्यातून पाह्यलं."

हाच माणूस त्यानंतर रोज सकाळी रिकाम्या घरट्याखाली येऊन म्हणत होता, 'उडत नाई अजून.'

"पंधरा म्हनले होते त्याईनं," बाबा म्हणाले. "बारा झाले. अजून तीन दिवस हायेत तुह्ये."

"राहू द्या," मी म्हटलं.

आत्या आतून ओरडली, "बांबूवाल्याले बलाव मंग! अन् माह्या मडक्यातल्या दोन बिया आनून टाक!"

घरट्यातून एकच निघाली. दुसरी कुठं गेली म्हणून आत्यानं अंगण झाडून पाहिलं.

त्यानंतर आसेगावात मी बावन्न वर्षं संसार केला. मला ऐकू येतं हे सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, आणि ते पाखरू हमिंगबर्ड नव्हतं हे नवऱ्याला. आमच्या परसात शेवग्यावर शिंजीर आली की मी मुद्दाम बोट दाखवायची, आणि तो म्हणायचा, "हे येगळं. ते येगळं होतं." भांडण फारच पेटलं की मी लुगडी गाठोड्यात बांधायची आणि म्हणायची, माझे तीन दिवस राहिलेत, मी चालले. तो म्हणायचा, "जा की. हक्काचे हायेत." मग गाठोडं सोडायला तोच बसायचा.

ते दिवस मी कधी घेतले नाहीत. जपून ठेवले, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. आता बाबा नाहीत, आत्या नाही, गाठोडं सोडणाराही नाही. तीन दिवस आहेत माझ्याकडं, पण ज्या अंगणात ते काढायचे तिथं माझ्या जुन्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.